नगरकेंद्र चालते कशावर? रायपूर आणि नवा रायपूरच्या निमित्ताने मार्गदर्शक तत्त्वांची समीक्षा

‘चालण्याजोगे, मिश्र वापराचे नगरकेंद्र’ हा घटक अभ्यासक्रमात आला की त्याची उत्तरे जवळजवळ पाठच असतात. फुटपाथ इतका रुंद हवा, कर्बची उंची इतकीच हवी, झाडे इतक्या अंतरावर हवीत, बसथांबा पाच मिनिटांत गाठता यावा, तळमजल्यावर दुकाने आणि वर घरे असावीत. यातले एकही वाक्य चुकीचे नाही. तरीही ही सगळी तत्त्वे पाळून बांधलेल्या केंद्रात संध्याकाळी सात वाजता माणूस दिसत नाही आणि यातले एकही तत्त्व न पाळणाऱ्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, असे का होते? या टिपणात हा प्रश्न तपासायचा आहे. परीक्षण आहे ते या तत्त्वांचे; रायपूर ही त्यासाठी निवडलेली प्रयोगशाळा.

रायपूरच का, तर तिथे एकाच हवामानात, एकाच राज्याच्या कारभाराखाली, सुमारे २० किलोमीटरच्या अंतरावर दोन नगरकेंद्रे आहेत. एक शतकभराहून अधिक काळात आपोआप घडलेले, दुसरे २००० साली छत्तीसगड राज्य झाल्यावर कागदावर आखून बांधलेले. स्मार्ट सिटी योजनेत दोन्हींची निवड झाली, जुन्या रायपूरची २०१६ मध्ये आणि नव्याची २०१७ मध्ये. तुलनेला इतकी सोयीची जोडी देशात क्वचित सापडते.

मराठी वाचकाला हे शहर परके वाटायचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि रतनपूरला बिंबाजी भोसल्यांची गादी होती. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. शहरात आजही तात्यापारा नावाची वस्ती आहे. ‘पारा’ म्हणजे तिकडचा मोहल्ला; ‘तात्या’ कुठून आला ते सांगायला नको.

जुने केंद्र

जयस्तंभ चौकातून मालवीय रोडने निघालात की थोड्याच वेळात गोल बाजार लागतो आणि पुढे सराफांचा सदर बाजार. गोल बाजारात बारशापासून बाराव्यापर्यंत लागणारे सगळे मिळते, अशी त्याची ख्याती. मापे घेतली तर रस्ता अरुंद, दुकानाची दर्शनी रुंदी कित्येक ठिकाणी अडीच-तीन मीटर, दोन दुकानांत मोकळी जागा नाही, पुढे सोडलेले अंतर नाही. वरच्या मजल्यांवर कुठे घर, कुठे गोदाम, कुठे शिंप्याचा कारखाना. फुटपाथ म्हणावा असा प्रकार जवळजवळ नाहीच. जो आहे त्यावर माल मांडलेला.

आता भारतीय रस्ते काँग्रेसची पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शिका, म्हणजे आयआरसी १०३, घ्या. तिच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे निवासी भागात किमान १.८ मीटर आणि व्यापारी-मिश्र भागात २.५ मीटर अडथळाविरहित चालण्याची जागा हवी. कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. या मोजपट्टीवर गोल बाजार सपशेल नापास होतो, आणि तरीही शहरातली सर्वाधिक पावले तिथेच पडतात.

यावरून गोल बाजाराची आरती ओवाळू नका. जुन्या बाजाराच्या प्रेमात पडणे हा आपल्या क्षेत्रातला एक जुना रोग आहे. आग लागली तर बंब आत शिरेल का, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तिथे काय करेल, चार तास खरेदी करणाऱ्या बाईने स्वच्छतागृह कुठे शोधायचे, या प्रश्नांना तिथे समाधानकारक उत्तर नाही. मोटारसायकली माणसांच्या अंगावरूनच जातात. लोक तिथे चालतात ते चालणे सुखाचे आहे म्हणून नव्हे, तर चालण्यातून खूप काही हाती लागते म्हणून. हा फरक नीट लक्षात घ्या, पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

नवे केंद्र

नवा रायपूर, २०१८ पासूनचे अटल नगर, २०३१ पर्यंत ५ लाख ६० हजार लोकवस्तीसाठी आखले गेले. आराखड्याच्या कक्षेत ४१ गावे येतात. चंदीगडच्या पठडीतले सेक्टर, १०० आणि ६० मीटर रुंदीचे मुख्य रस्ते, सेक्टर १९ मध्ये राजधानी संकुल, सेक्टर २१ मध्ये मध्यवर्ती व्यापारी केंद्र. मुख्य रस्त्यांच्या कडेला प्रशस्त फुटपाथ आणि वेगळे सायकलमार्ग आहेत, झाडे आहेत. जागतिक पर्यावरण निधी आणि जागतिक बँक यांच्या मदतीने चाललेल्या शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्पात पुणे, पिंपरी-चिंचवड, इंदूर, म्हैसूर यांच्याबरोबर नया रायपूरही होते आणि तिथली बीआरटीएस बससेवा त्यातूनच उभी राहिली. फुटपाथची गुणवत्ता एवढाच निकष लावला तर भारतातली फारच थोडी शहरे याच्याजवळ येतील. हे श्रेय आधी द्यायला हवे, कारण नव्या रायपूरवरची बरीचशी टीका ते देत नाही आणि म्हणून उथळ ठरते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक फार मोलाची गोष्ट आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली, तेव्हा राज्याचे सरकार तिकडे हलवणे हा तिचा कणा होता. सरकार हलले तर माणसे हलतील, असा हिशेब. सरकार हलले नाही. बेलापूरला कोकण भवन आले, मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिले. नव्या मुंबईच्या व्यापारी केंद्राला अपेक्षित जोम आला नाही याचे खापर तेव्हापासून या न झालेल्या स्थलांतरावर फुटत आले. छत्तीसगडने ते करून दाखवले. २०१२ मध्ये मंत्रालय महानदी भवनात गेले, विभागप्रमुखांची कार्यालये इंद्रावती भवनात गेली. आणि काय झाले? कर्मचारी सकाळी बसने आले, संध्याकाळी बसने जुन्या रायपूरला परतले. सरकार हलले, पण घर, शाळा, किराणा, दवाखाना आणि नातेवाईक हलले नाहीत. अलीकडे सेक्टर २१ मध्ये माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातली कार्यालये आली, रेल्वेचे स्थानकही झाले. पण कार्यालये आली म्हणजे नगरकेंद्र आले असे नाही. कार्यालय माणसाला दिवसातून दोनदाच रस्त्यावर आणते.

तीन मोजमापे

आता मोजपट्टी बदलू. आयआरसी फुटपाथची रुंदी मोजते, आपण दार ते दार अंतर मोजू. १०० मीटरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भूखंडांत पुढचे सामासिक अंतर उदाहरणादाखल १२ मीटर धरा. एका इमारतीच्या दारातून समोरच्या दारात जायला १२४ मीटर पडतात. सेकंदाला १.२ मीटर ही चालण्याची सर्वसाधारण गती घेतली तर १०३ सेकंद, तेही सिग्नलला क्षणभरही न थांबता. गुडघे दुखणाऱ्या माणसाची गती ०.९ मीटर धरली तर सव्वादोन मिनिटांहून जास्त. गोल बाजारात समोरच्या दुकानात याच कापडाचा भाव काय, हे माणूस जागेवरून ओरडून विचारतो. रस्त्याच्या दोन बाजू एकमेकींना ग्राहक देऊ शकल्या नाहीत की दुकानदाराला निम्माच रस्ता मिळतो. मग तो येतच नाही, आणि तो आला नाही की पादचारीही येत नाही.

दुसरे मोजमाप सावलीचे. रायपूर २१ अक्षांशावर आहे आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो. मेच्या मध्यात दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा इमारतीची सावली नसते, फक्त छपराची असते. चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंशांवर उतरतो. १० मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा १५ मीटरपर्यंत पूर्वेकडे पडते. दक्षिणोत्तर जाणाऱ्या १२ मीटरच्या गल्लीत ही सावली अख्खा रस्ता झाकते. तीच इमारत १२ मीटर मागे सरकवा: सावलीतले १२ मीटर तिच्याच अंगणात संपतात, रस्त्याच्या कडेला तीन मीटर उरतात आणि फुटपाथ झाडांच्या पट्ट्यापलीकडे असेल तर तो उन्हातच राहतो. म्हणजे आपण नियम करून सावली भूखंडाच्या आत कोंडली. झाडे लावून ती परत मिळवता येते हे खरे. पण झाडाला सावली धरायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि नगरकेंद्राचे भवितव्य बहुतेकदा त्याआधीच ठरून जाते.

तिसरे मोजमाप दारांचे, आणि माझ्या मते हेच सर्वात महत्त्वाचे. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांच्या अभ्यासातून एक साधा निकष मिळतो: चांगल्या, जिवंत रस्त्यावर १०० मीटरमध्ये १५ ते २० दारे असतात. अडीच-तीन मीटरच्या गाळ्यांच्या बाजारात ती तीसच्या पुढे जातात. आता एका सलग मोठ्या व्यापारी भूखंडाचा विचार करा. त्याला कुंपणाची भिंत, एक गाड्यांचे फाटक, एक माणसांचे, आणि सुरक्षारक्षकाची चौकी. १०० मीटरला दोन दारे! इमारत कितीही देखणी असो, तिच्या कडेने चालणाऱ्याला दीड मिनिट भिंत पाहावी लागते. दिवस मावळल्यावर एकट्या बाईला ते दीड मिनिट कसे वाटते, याचे माप कुठल्याच मार्गदर्शिकेत नाही.

या तिन्ही गोष्टी फुटपाथ आखण्याच्या आधीच ठरलेल्या असतात. रस्त्याची रुंदी विकास आराखड्यात ठरते, सामासिक अंतर नियमावलीत, आणि दारांची संख्या ठरते प्राधिकरण जमीन विकते त्या दिवशी. नकाशावर भूखंड किती रुंदीचे पाडले आणि निविदेत काय अट घातली, यावर पुढची पन्नास वर्षे तिथे कोण चालणार ते अवलंबून असते. रस्ता-रचनेची मार्गदर्शक तत्त्वे या दिवसानंतर रंगमंचावर येतात. नाटक लिहून झाल्यावर नेपथ्यकाराला बोलवावे तसे.

मिश्र वापर कशात मोजायचा

‘मिश्र वापर’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. एका सेक्टरात घरे, शेजारच्या सेक्टरात कार्यालये, पलीकडे बाजार. आराखड्याच्या टक्केवारीत हे मिश्रणच दिसते. पण तांदूळ एका डब्यात आणि डाळ दुसऱ्या डब्यात शेजारी-शेजारी ठेवल्याने खिचडी होत नाही. चालणाऱ्या माणसासाठी मिश्रणाचे एकक आहे इमारत, फार तर गल्ली. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये सांगितलेल्या चार अटी (एकापेक्षा जास्त मूळ वापर, आखूड गट, जुन्या-नव्या इमारतींची सरमिसळ, पुरेशी दाटी) आपण उत्तरपत्रिकेत लिहितो. मात्र त्यांतली तिसरी अट कोऱ्या जमिनीवरच्या शहराला पूर्ण करताच येत नाही, हे लिहायचे विसरतो. जुनी इमारत म्हणजे स्वस्त भाडे. नव्या शहरात सगळेच नवे, म्हणून सगळेच महाग. पंक्चर काढणारा, चष्मे दुरुस्त करणारा, झेरॉक्सवाला यांना परवडेल अशी जागा मुद्दाम निर्माण करावी लागते. ती बाजारभावाने निर्माण होत नाही.

याला भारतीय उत्तर आहे, आणि ते चंदीगडमध्येच आहे. तिथल्या सेक्टरचे माप ८०० बाय १२०० मीटर, म्हणजे पायी चालणाऱ्याला मोठेच. पण ‘दुकान-अधिक-घर’ आणि ‘दुकान-अधिक-कार्यालय’ असे दोन ठरीव इमारत-प्रकार तिथल्या वास्तुविशारदांनी केले. पुढे व्हरांडा, त्यामागे दुकान, वर राहणे किंवा कचेरी. दर्शनी भागाची रचना ठरवून दिलेली, आतले मालकाचे. सेक्टर १७ मध्ये खांबांमधले अंतर ५.२६ मीटर आहे. शंभराला भागा: १९ दारे! गेल यांचा निकष आकाराला यायच्या आधीच तो इथे काँक्रीटमध्ये ओतलेला होता. आणि व्हरांडा सलग असल्यामुळे मघाचा बारा वाजताचा सावलीचा प्रश्नही सुटतो. याच चंदीगडचा दुसरा धडा असा की सेक्टर १७ मध्ये वर घरे नाहीत, म्हणून दुकाने मिटल्यावर तो विस्तीर्ण चौक रिकामा होतो. आणि वर घरे असलेले सेक्टरांतले छोटे बाजार साधेसुधे असूनही उशिरापर्यंत जागे असतात. नव्या रायपूरने चंदीगडकडून सेक्टर आणि रुंद रस्ते घेतले, तसाच हा व्हरांडाही घ्यायला हवा होता.

ओटा, गुमटी आणि १४,००० माणसे

पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा सांगतो की सर्वेक्षणात आढळलेल्या विक्रेत्यांना लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत सामावून घ्यावे. ५ लाख ६० हजारांचे अडीच टक्के म्हणजे १४,०००. प्रत्येकाला २ बाय १.५ मीटर जागा धरली तर एकूण ४२,००० चौरस मीटर, म्हणजे ४.२ हेक्टर. सुमारे ८,००० हेक्टरच्या नियोजित शहरात हा जवळपास दोन हजारावा हिस्सा आहे. जागेचा प्रश्न नाहीच. प्रश्न आहे तो नकाशावर कोणत्या रंगाने दाखवायचा याचा. बहुतेक मार्गदर्शिका विक्रेत्याला ‘बहुपयोगी पट्टा’ नावाच्या, झाडे, बाक आणि विजेचे खांब यांच्या रांगेत बसवतात. तो नगरकेंद्राचे सामान आहे, नागरिक नाही, अशा थाटात.

हा मुद्दा नव्या रायपूरमध्ये केवळ रचनेचा नाही. ज्या गावांच्या जमिनीवर हे शहर उभे आहे तिथल्या शेतकऱ्यांनी २०२२ मध्ये दीर्घकाळ धरणे धरले. त्यांच्या मागण्यांत मोबदला आणि भूखंड तर होतेच, शिवाय दुकाने, गुमट्या आणि चबुतरे यांच्या वाटपात प्रकल्पग्रस्तांना हिस्सा हवा, अशीही एक मागणी होती. गुमटी म्हणजे आपली टपरी, चबुतरा म्हणजे ओटा. ही मागणी पुनर्वसनाच्या फाइलीत गेली. मला वाटते ती नगररचनेच्या फाइलीतही जायला हवी होती, कारण छोट्या दर्शनी रुंदीचे, कमी भाड्याचे, रस्त्याला थेट लागून असलेले दुकान या शहराला हवे होते आणि ते चालवायला तयार असलेली माणसे पलीकडच्या राखी-नवागावात राहतच होती. छत्तीसगडच्या गावात ‘गुडी’ असते, म्हणजे बैठकीची मधली जागा, आणि आठवडी बाजार भरतो. केंद्र आखताना या दोन तयार गोष्टींपासून सुरुवात करता आली असती. व्यापारी केंद्र गावांकडे पाठ करून बसले.

जुन्या रायपूरनेही या बाबतीत शहाणपणा दाखवला असे म्हणवत नाही. शास्त्री चौकात पादचाऱ्यांसाठी आकाशमार्गिका बांधायला २०१७ मध्ये सुरुवात झाली. २०१८ च्या सत्तांतरानंतर काम थांबले आणि अर्धा सांगाडा वर्षानुवर्षे चौकावर लटकत राहिला. दोन्ही पक्षांनी त्यावरून एकमेकांना बोल लावले. रचनेच्या दृष्टीने त्यांचे भांडण गौण आहे. सहा मीटर वर जायला साधारण ३६ पायऱ्या लागतात, आणि त्या चढायच्या कोणी, तर ज्याच्याकडे इंजिन नाही त्याने. मार्गिका पूर्ण झाली तरी ती प्रामुख्याने खालच्या गाड्यांची सोय असेल.

मग तत्त्वे कशी लिहावीत

नगरकेंद्राची मार्गदर्शिका लिहायला बसलात तर पहिले प्रकरण फुटपाथचे नको, भूखंडाचे हवे. केंद्रातल्या मुख्य गल्ल्यांवर दर्शनी रुंदी पाच-सहा मीटरपेक्षा जास्त नसलेले भूखंड पाडावेत. मोठी संस्था आलीच तर तिला गटाच्या पोटात जागा द्यावी आणि कडेला गाळ्यांची रांग ठेवावी. पुढचे सामासिक अंतर शून्य, त्याऐवजी तीन मीटर खोल सलग व्हरांडा, तोही मालकाच्या भूखंडातून आणि चटई क्षेत्रात न धरता. कुंपणाच्या भिंतीला मनाई. वरच्या मजल्यांपैकी किमान एक राहण्यासाठी, आणि ही अट विक्रीच्या करारात, शिफारशींच्या पुस्तिकेत नव्हे. काही ओटे कायमचे प्राधिकरणाच्या मालकीचे आणि कमी भाड्याचे. मग फुटपाथ, आणि तिथे आयआरसी १०३ मुकाट्याने पाळावी, कारण त्या बाबतीत ती चांगलीच आहे.

यावर प्राधिकरणाचा आक्षेप ठरलेला असतो: लहान भूखंड विकायला वेळ लागतो, हजार खरेदीदारांशी हजार करार करावे लागतात, मोठा भूखंड एका सहीत रस्त्यांचा खर्च काढून देतो. हा आक्षेप खोटा नाही. कोऱ्या जमिनीवर पाणी, वीज, सांडपाणी आधी नेणाऱ्या संस्थेला रोख पैसा लागतोच. पण मग निदान सगळे केंद्र एकदम विकायला काढू नये. १०० मीटरच्या रस्त्यापासून आत, एखाद्या गावाला किंवा आधीच वसलेल्या निवासी सेक्टरला लागून दोनशे-तीनशे मीटरची एकच गल्ली पूर्ण करावी, तिथे माणसे येतात का ते पाहावे, मग पुढची. पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा एक भाग २०२१ पासून ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ म्हणून वाहनांना बंद ठेवला जातो. तो प्रयोग एका दिवसापुरता तरी जमतो, कारण तिथे दारे आधीपासून आहेत. नव्या शहरात वाहने बंद करून काहीच घडणार नाही. तिथे अजून दारेच नाहीत.

स्वाध्याय

तुमच्या गावातला बाजाररस्ता आणि जवळचा एखादा नवा नियोजित व्यापारी भाग निवडा. दोन्हीकडे १०० मीटर अंतर पावलांनी मोजून त्यात उघडी असलेली दारे मोजा: सकाळी अकराला, दुपारी चारला आणि रात्री साडेआठला. चार वाजता दोन्ही कडांना किती मीटर सलग सावली आहे तेही नोंदवा. वरच्या मजल्यांवर रात्री किती खिडक्यांत दिवा आहे, तो आकडा वेगळ्या स्तंभात लिहा. फुटपाथची रुंदी सर्वात शेवटी मोजा.